एकतीस अंशांचं सूप

अहो नाही हो, जिन्यावरून नाही पडलो! स्कूटरवरूनही नाही. आणि आमच्या हिनं तर मुळीच मोडला नाही, ती अफवा गल्लीत कुणी सोडली ते मला पक्कं ठाऊक आहे, त्याला बघून घेईन, डाव्या हातानं का होईना बघून घेईन... हा हात मोडला तो कामावर असताना. भर दिवसा, सरकारी कामात, ओळखपत्र गळ्यात असताना! काय करत होतो? सूपचं तापमान बघत होतो. हसा, हसा, सगळेच हसतात. हाडांचा डॉक्टर पण हसला. म्हणाला, "सूपमुळं फ्रॅक्चर? पहिलीच केस." अरे बाबा, मी काय केलं होतं? मी फक्त थर्मामीटर घातला होता हो!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला या खात्यात. आरोग्य विभाग, अन्न तपासणी. लोकांना वाटतं काय मजा आहे याची, रोज हॉटेलात जातो, रोज चाखतो. चाखतो? मी लोकांच्या स्वयंपाकघरात जे पाहिलंय ना, त्यानंतर बाहेर पाणी प्यायचीसुद्धा हिंमत होत नाही. दोन बिस्किटं खिशात ठेवतो आणि वास मारणाऱ्या मोऱ्या मोजत फिरतो, ही माझी मजा. बरं, मला बघून आनंद झालाय असा एक माणूस दाखवा. दवाखान्यात डॉक्टर आला की बरं वाटतं, पोस्टमन आला की बरं वाटतं, मी आलो की आचारी देवाचं नाव घेतो आणि मागच्या दारानं काहीतरी बाहेर जातं.

तर त्या दिवशी सकाळी दहाला ऑफिसात फोन. बाईचा आवाज, वयस्कर, अगदी हळू, तोंडावर पदर धरून बोलावं तसा. "साहेब, कालचं सूप आज पाठवणार आहेत. रात्रभर बाहेर होतं. प्रसूतिगृहात जायचंय. साडेअकराच्या आत या." आणि पत्ता सांगून फोन ठेवला. नाव विचारायच्या आत!

आता मला सांगा, प्रसूतिगृह म्हटल्यावर मी बसून राहणार का? बासष्ट बायका होत्या त्या दिवशी तिथं. ओल्या बाळंतिणी! कुणाचं पोट शिवलेलं, कुणाचं बाळ एक दिवसाचं. आपल्यासारख्याला शिळं बाधलं तर दोन दिवस संडासाच्या वाऱ्या होतात, शिव्या देत बरे होतो. त्या बायकांचं काय होईल?

उठलो, बॅग घेतली, आमच्या सहायकाला घेतलं. सहायक म्हणजे आमचे दादा, नमुने घ्यायला बरोबर येतात, निवृत्तीला तीन महिने राहिलेत. जीपमध्ये बसतानाच म्हणाले, "साहेब, हा पत्ता रणगाड्याचा आहे." म्हटलं, कोण रणगाडा? तर म्हणाले, "मालक. प्रसूतिगृहाला जेवण पुरवतो. व्यायामाचं वेड आहे. गेल्या वर्षी गॅसचं सिलिंडर उशिरा आलं म्हणून ते आणणाऱ्यालाच उचलून सिलिंडरच्या गाडीत ठेवला होता." मी म्हटलं, दादा, आपण काय कुस्ती खेळायला चाललोय का? आपण तापमान बघणार, कागदावर लिहिणार, सही घेणार, परत येणार.

पुढची खोली बघाल तर, अहाहा! पांढऱ्या फरशा, डोक्यावर टोप्या, भिंतीवर हात धुण्याचं सचित्र पत्रक, ते सुद्धा फ्रेम करून. आणि रणगाडा समोर उभा. दार त्याच्या मापाचं नव्हतं, तो दाराच्या मापाचा नव्हता, दोघं कसेबसे जमवून घेत होते. चेहऱ्यावर हे एवढं हसू. "या या या साहेब, बसा! खुर्ची आणा रे! काय घेणार, गरम की थंड?"

मी म्हटलं, "तेच मोजायला आलोय."

हसू जागच्या जागी गोठलं.

पुढची खोली बघितली, पाच मिनिटांत झाली. मग म्हटलं, मागची दाखवा. "मागं काही नाही साहेब, अडगळ आहे." बावीस वर्षांत 'मागं काही नाही' म्हणाल्यावर मागं खरंच काही नव्हतं असं एकदाही झालेलं नाही! गेलो. दारातच पाय सरकला, फरशीवर चरबीचा थर, मोरी तुंबलेली, हात धुवायच्या बेसिनमध्ये बटाटे. साबण? साबण त्या फ्रेममधल्या चित्रात होता, तेवढाच. आणि टेबलाखाली, फरशी पुसायच्या बादलीला अगदी खेटून, भलं मोठं पातेलं. वर ओलं फडकं. फडक्यावर माशा, आरामात बसलेल्या, घरच्यासारख्या.

एका कोपऱ्यात एक म्हातारी बाई लसूण सोलत बसली होती. बारीक अंगाची, डोक्याला फडकं बांधलेलं. रणगाड्याची आई. माझ्याकडे बघितलं आणि परत लसणात डोकं घातलं.

फडकं उचललं. कोंबडीचं सूप. वर पांढरट साय, आणि सायीला हळूच, अगदी हळूच, बुडबुडा येत होता. गॅस नाही, चूल नाही, आणि बुडबुडा! मग मी काय केलं? बॅग उघडली, थर्मामीटर काढला, पुसला आणि घातला. बस्स. मी फक्त थर्मामीटर घातला होता हो!

एकतीस अंश.

आता सोपं सांगतो, शाळेतल्या पोरालाही कळेल. शिजवलेलं ठेवायचं तर साठ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर पाचच्या खाली थंड ठेवा. मधे ठेवलं की जंतूंची लग्नसराई. आणि एकतीस म्हणजे जंतूंना पंखा लावून, उशी देऊन झोपवल्यासारखं! मी रणगाड्याला म्हटलं, "हे जाणार नाही. हे ओतून द्यायचं."

"साहेब, आता उकळतोच की! खळाखळा उकळतो. उकळलं की सगळं मरतं."

"जंतू मरतील. त्यांनी आत सोडलेलं विष कुठं मरतंय? तुम्ही दिवसभर उकळलं तरी ते तसंच राहतं."

"आजवर कुणाला काही झालंय का?"

"झालेलं तुमच्यापर्यंत येतं का सांगायला?"

तिथं तो गप्प झाला. गप्प झाला म्हणून मला वाटलं, पटलं. तुम्हाला सांगतो, आडदांड माणूस गप्प झाला की पटलं असं कधी समजू नका! मी आपला दादांना नमुना घ्यायला सांगून फॉर्म भरायला लागलो, दादांनी बाटली भरली, सील केली, आणि मी चौदाव्या मुद्द्यावर, 'फरशी निसरडी', असं लिहितोय तोवर त्यानं माझी कॉलर धरली, उचललं, आणि बटाट्याच्या पोत्यावर ठेवलं. मारलं नाही बरं का. ठेवलं! जसं आपण टेबल पुसताना फुलदाणी बाजूला ठेवतो तसं. आणि जेवण पोचवणाऱ्या आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला ओरडला, "उचल रे! गाडीत घाल! साडेअकराला पोचलं पाहिजे!"

दोघांनी पातेल्याचे दोन कान धरले. मी पोत्यावरून उतरलो. तोवर दादांचं काय? दादा पळाले! सरळ पुढच्या दारातून रस्त्यावर! मी मनात म्हटलं, वा रे माझ्या शूरवीरा, तीन महिने राहिलेत म्हणून हे असं? मी हाक मारली, "दादा!" तर दादा पळता पळता ओरडले, "बाटली घेऊन पळतोय!" बघा. नमुना वाचवायला पळत होते. मी उगाच शिव्या दिल्या मनात.

राहिलो मी एकटा. काय करणार? झाकण ठेवलं पातेल्यावर आणि त्या झाकणावर बसलो.

हो, बसलो! हसू नका, तुम्हाला दुसरं काही सुचलं असतं का? मला वाटलं, सरकारी माणसासकट कसे उचलतील? उचललं! अहो, मला पातेल्यासकट उचललं! मी वर, सूप खाली, खांद्यावर बॅग, गळ्यात ओळखपत्र, आणि निघाली वरात मागच्या दाराकडे. मी ओरडतोय, "हा कामात अडथळा आहे! शासकीय कामात अडथळा!" आणि रणगाडा म्हणतोय, "अडथळा तर तू आहेस, उतर!" बघा, 'साहेब'वरून 'तू'वर आला. का? मी फक्त थर्मामीटर घातला होता!

आणि दाराशी आला चौदावा मुद्दा. ड्रायव्हरचा पाय त्या चरबीवरून सटकला, तो उताणा, पातेलं आडवं, मी पातेल्याच्या खाली आणि सूप माझ्यावर. कंबरेपासून बुटांपर्यंत. ड्रायव्हर किंचाळला, "साहेब भाजले! साहेब भाजले!" मी पण किंचाळलो, सवयीनं. मग लक्षात आलं... भाजलोच नव्हतो! कोमट! लहान बाळाला अंघोळ घालावी असं कोमट! मी तसाच चिखलात बसल्यासारखा बसून ओरडलो, "बघा! बघा! भाजलं नाही! हाच पुरावा!" माझ्या आयुष्यात इतका निर्विवाद पुरावा मला कधी मिळाला नव्हता आणि तो माझ्या पँटमध्ये होता.

मला वाटलं, संपलं. सांडलं. आता काय पाठवणार? पण पातेलं मोठं, अर्धं आत शिल्लक. रणगाड्यानं आत डोकावलं आणि म्हणाला, "पाणी घाला रे. दोन बादल्या."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी काही शूर माणूस नाही. घरात पाल निघाली तर आमची ही मारते, मी दिवा धरतो. पण पाणी घाला म्हणाला ना, तेव्हा मला त्या बासष्ट बायका दिसल्या, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात गुंडाळलेलं बाळ, आणि मी उठून त्या रणगाड्याच्या अंगावर गेलो. गेलो म्हणजे काय, भिंतीवर चेंडू जातो तसा गेलो आणि तसाच परत आलो. परत गेलो. त्यानं मला काखेत दाबलं, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, आणि एका हातानं पातेलं गाडीकडे ओढायला लागला. माझ्या तोंडासमोर त्याचा दंड. हा एवढा. आणि मी... आता घरच्यांना सांगू नका... मी चावलो.

बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा चावलो! दात रुतेपर्यंत! त्याच्या दंडाला लसणाची चव होती, ते अजून जिभेवर आहे. तो बोंबलला, त्यानं मला झटकलं, मी पिठाच्या डब्यांवर गेलो, डबे माझ्यावर आले, खोलीभर पीठ, आता मी सूप आणि पीठ लावलेला, तळायला तयार! काही दिसेना. चाचपडत मागच्या दाराशी गेलो, गाडी दाराला अगदी खेटून उभी, पातेलं तिच्यात चढलं होतं, ते ओढायला उजवा हात आत घातला, आणि त्यानं गाडीचं दार लोटलं.

आवाज आला. कट्. कोरडी काडी मोडावी तसा.

दुखलं नाही हो लगेच. आधी नुसतं नवल वाटलं, की हा माझा हात असा कसा दिसतोय. मनगटाच्या वर लगेच दुसरं कोपर असतं का कुणाला? आणि रणगाडा, त्याच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे, त्यानं मूठ वर उचलली. खरं सांगतो, मी डोळे मिटले. त्या मुठीखाली माझं डोकं टिकलं नसतं. मनात आलं, आमची ही लोकांना काय सांगेल? सूपवरून गेले?

आणि दुसरा आवाज आला. दण्!

डोळे उघडले. रणगाडा गुडघ्यावर. त्याच्या मागं त्याची आई, पिठानं पांढरी झालेली, दोन्ही हातांत लोखंडी उलथनं, मोठ्या कढईचं, तिच्या उंचीएवढं. परत उचललं, परत घातलं. दण्! खांद्याचं हाड गेलं त्याचं, मला ऐकू आलं. तो म्हणतोय, "आई! अगं आई! मी आहे!" ती म्हणतेय, "तूच आहेस म्हणूनच!"

ड्रायव्हर सोडवायला गेला, त्यालाही एक बसली. मी मधे पडायला गेलो, मला म्हणाली, "तुम्ही बाजूला व्हा साहेब, तुम्हाला फोन मी केला होता, पण एवढा वेळ लावाल असं वाटलं नव्हतं!"

ऐकलंत? फोन तिनं केला होता! पोटच्या पोराची तक्रार!

मग ती उलथनं टेकून उभी राहिली, घोट्यापर्यंत सूपमध्ये, धापा टाकत, आणि त्याला म्हणाली, सगळ्यांसमोर म्हणाली, "तू दोन दिवसांचा होतास. असंच प्रसूतिगृह. शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, माझ्याच वयाची, तिला मुलगी झाली होती. दुपारचं जेवण आलं. ती जेवली. मी नाही जेवले, कारण तू रडत होतास, थांबतच नव्हतास. मी तुला घेऊन फेऱ्या मारत राहिले आणि माझं ताट गार झालं. संध्याकाळी ती पोरगी गेली. तिची मुलगी रात्रभर दुधासाठी ओरडत होती, मग मी घेतली तिला. एका बाजूला तू, एका बाजूला ती. आणि तू पाणी घाला म्हणतोस?"

रणगाडा फरशीवर बसला होता, खांदा धरून, आणि हमसून हमसून रडायला लागला. आता खांद्यानं रडत होता का आईच्या बोलण्यानं, ते मला विचारू नका. मी पण रडत होतो आणि माझा तर नक्की हातच होता.

तेवढ्यात दादा पोलिसांना घेऊन आले. फौजदारानं दारात उभं राहून बघितलं: एक माणूस फरशीवर रडतोय, एक पिठात, एक ड्रायव्हर टेबलाखाली, आणि मधे एक म्हातारी उलथनं घेऊन. म्हणाला, "हल्लेखोर कोण?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारी म्हणाली, "मी. लिहा." मी म्हटलं, "अहो तसं नाही, सुरुवात..." तर फौजदार म्हणाला, "सुरुवात कुणी केली?" आणि रणगाड्यानं चांगला हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं! "यांनी थर्मामीटर घातला!"

अरे, मी फक्त थर्मामीटर घातला होता!

बरं, पुढं ऐका. बाळंतिणींना दुपारी दोनला ब्रेड, दूध, केळी मिळाली, शेजारच्या दुकानातून. मला वाटलं, निदान तिकडून एखादा चांगला शब्द येईल. प्लास्टर ओलं होतं अजून, तेव्हा तिथल्या सिस्टरचा फोन आला. "तुम्हीच ते का जेवण अडवणारे? लाज नाही वाटत? ओल्या बाळंतिणींना दोन वाजेपर्यंत उपाशी ठेवता?" मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "कुणाला काही झालं का? नाही ना?" अहो बाई, नाही झालं हेच तर...! फोन ठेवला होता तिनं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. दादांच्या त्या बाटलीत जे निघालं ते वाचून मी खुर्चीत बसून राहिलो. निम्म्या तरी बायका आडव्या झाल्या असत्या, आणि ज्यांचं पोट शिवलेलं होतं त्यातल्या सगळ्या उठल्या असत्या असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. स्वयंपाकघराला सील ठोकलं, मीच ठोकलं, डाव्या हातानं, वाकडं. त्याच्यावर खटला आहे. आणि माझ्या टेबलावर काय? माझ्यावर चौकशी! अहो, खरं सांगतो, छापील कागद: 'सदर आस्थापनेच्या मालकास आपण चावा घेतल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. चावा घेतेवेळी आपण कर्तव्यावर होता किंवा कसे, तसेच सदर चावा नियमांच्या कोणत्या कलमान्वये घेतला, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' मी लिहिलं, होतो. कलम शोधतोय.

आणि परवा. परवा मी हाडांच्या दवाखान्यात गेलो, प्लास्टर दाखवायला. बाकावर एकच जागा. बसलो. शेजारी बघतो तर रणगाडा, खांदा बांधलेला, दंडावर माझ्या दातांची पट्टी! आणि त्याच्या पलीकडे त्याची आई. उठून जावं तर माझा नंबर एकेचाळीस आणि चालू होता नववा. तीन तास! एकमेकांकडे न बघता आम्ही समोरच्या भिंतीवरचा सांगाडा बघत बसलो.

दीड वाजता म्हातारीनं डबा काढला. भात आणि भाजी. मला म्हणाली, "जेवलात का?" मी म्हटलं, "नाही, बिस्किटं आहेत खिशात." "काढा बघू." काढता येईनात, खिसा उजव्या बाजूला. तिनं डबा मुलाच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "भरव त्यांना."

"आई!"

"हात कुणी मोडलाय? भरव म्हणते ना!"

त्याचा उजवा खांदा बांधलेला, म्हणजे त्यालाही डाव्या हातानंच आलं. सगळी रांग बघतेय. त्यानं दात ओठ खाऊन घास केला, माझ्या मुठीएवढा, आणि माझ्या तोंडात कोंबला. मी गिळतोय तोवर दुसरा. "खा!" तिसरा. "खा की, खा!" मला श्वास घेता येईना, डोळ्यांतून पाणी, आणि म्हातारी शेजारून विचारतेय, "कसं झालंय?"

आता तुम्हीच सांगा, भात कच्चा होता. चक्क कच्चा! पण मी मान डोलावली, आणि चौथा घास घ्यायला तोंड उघडलं.